बोटीसाठी लग्न

मागच्या महिन्यात नात चार दिवस राहायला आली होती. बाहेर पाऊस असा धरून बसलेला की फिरायला जायची सोय नाही, म्हणून मी कपाटातून डीव्हीडींचा तो जाडजूड डबा काढला. 'द ओनीडिन लाइन', बीबीसीची सत्तरच्या दशकातली मालिका, भाग पहिला. लिव्हरपूल, साल १८६०. कानशिलावरून गालावर उतरलेले दाट कल्ले मिरवणारा जेम्स ओनीडिन म्हाताऱ्या वेबस्टरकडे त्याची 'शार्लट ऱ्होड्स' ही बोट मागायला जातो. बापाचं दुकान थोरल्या भावाला गेलेलं, याच्याकडे हिंमत सोडून भांडवल काही नाही. आणि वेबस्टरची मुलगी अ‍ॅन, लग्नाचं वय उलटून गेलंय असं ज्या काळात लोक तोंडावर म्हणत त्या काळातली, शांतपणे अट घालते: बोट हवी तर माझ्याशी लग्न करावं लागेल. जेम्स तिच्याकडे बघतो. मालाचा भाव ऐकून व्यापारी जसा क्षणभर थांबतो, तसा थांबतो आणि हो म्हणतो. नातीनं रिमोट उचलून चित्र तिथंच थांबवलं. "आजी, हा माणूस बोटीसाठी लग्न करतोय." मी म्हटलं, हो. "आणि तुला हा आवडायचा?" मी म्हटलं, थांब ना जरा, पुढं त्यांचं एकमेकांवर फार प्रेम बसतं. "कधी? तो सीन दाखव ना मला."

दाखवते की, म्हटलं. तो सीन मला तोंडपाठ आहे. लग्नानंतरची पहिलीच सफर. अ‍ॅन हट्टानं बोटीवर आलेली, आणि आता केबिनमध्ये कुडकुडत पडलीय. नवरा-बायकोत धड चार वाक्यं झालेली नाहीत. मध्यरात्री जेम्स खाली येतो, हातात एक वीट. बोटीवरच्या चुलीत तापवलेली. गळ्यातला मफलर सोडून तो विटेला गुंडाळतो, अ‍ॅनच्या पायांशी पांघरुणाखाली सरकवतो आणि एक शब्द न बोलता वर पहाऱ्याला निघून जातो. अ‍ॅन डोळे उघडत नाही, पण ती जागी आहे हे आपल्याला कळतं, कारण तिचे पाय हळूच विटेकडे सरकतात. एवढंच. हा सीन मी पन्नास वर्षांत किती जणींना सांगितला असेल.

चार दिवसांत आम्हाला तो सापडला नाही. नात हसून घरी गेली. पण माझ्या डोक्यातून तो जाईना. मग मी रात्री एकटीच बसून पहिल्या सीझनचे सगळे भाग पाहिले, मधे डुलकी लागली तर मागे जाऊन पुन्हा पाहिले. अ‍ॅन आहे, केबिन आहे, वादळ आहे, दोघांची भांडणं आहेत, एकमेकांकडे बघणं आहे.

वीट नाही.

आम्ही इंग्लंडमध्ये डर्बीत राहायचो. मी इथे आले ती १९७२च्या फेब्रुवारीत, खाणकामगारांचा संप चालू असताना. पाळीपाळीनं वीज जायची. विलायत म्हणजे दिव्यांचा झगमगाट अशी कल्पना करून आलेल्या मला पहिल्या आठवड्यात मेणबत्तीच्या उजेडात नवऱ्याचा चेहरा नीट दिसला नव्हता, असं मी गमतीनं सांगते, पण ते फारसं खोटं नाही. लग्नाला ह्यांना बारा दिवसांची रजा होती. चार मुली पाहायच्या ठरल्या होत्या, त्यांत मी तिसरी. चौथीच्या घरी जायचं राहूनच गेलं, की जाऊन आल्यावर मी बरी वाटले, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारलं की हे म्हणतात, तेव्हा सोमवारी विमान होतं. आणि खरं सांगायचं तर मीही काही ह्यांच्या डोळ्यांत बघून हो म्हटलं नव्हतं. मला बाहेर पडायचं होतं. बोट मीही पाहिलीच होती.

आमच्या दोन खोल्या वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीणबाई. साठी ओलांडलेल्या, विधवा, मूळच्या लिव्हरपूलच्या. नवरा व्यापारी जहाजावर होता, १९४१ साली अटलांटिकमध्ये बोटीबरोबर गेला. त्यानंतर दोन मुलं घेऊन त्या डर्बीला बहिणीकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे कधीतरी मी वाचलं की ब्रिटनमध्ये समुद्रापासून सगळ्यात लांबचं ठिकाण याच डर्बीशायरमध्ये आहे. कुठल्याही किनाऱ्यापासून ११३ किलोमीटर. बाईंना हे माहीत असेल का कोण जाणे. मला त्या 'लव्ह' म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरून वर निघून गेले होते. नंतर कळलं, त्या दूधवाल्यालाही तेच म्हणतात.

त्या सप्टेंबरात दुसरा सीझन सुरू झाला आणि बाईंनी मला रविवारी संध्याकाळी खाली बोलावायला सुरुवात केली. टीव्ही त्यांच्याकडे भाड्याचा, काळा-पांढरा. रंगीत टीव्हीचं लायसन्स वर्षाला १२ पौंड आणि काळ्या-पांढऱ्याचं ७, तेव्हा प्रश्नच नव्हता. त्या खोलीचा वास मला आजही येतो: गॅसची शेगडी, ओला लोकरी कोट, आणि चहात बुडवून मऊ झालेलं बिस्कीट. शीर्षकसंगीत सुरू झालं की बाई विणकाम मांडीवर ठेवून द्यायच्या. आधी एकटाच एक सूर, कुणीतरी लांबून हाक मारावी तसा, आणि मग व्हायोलिनांची ती लाट, जिच्यावर शिडं फुगवून बोट पुढं यायची. मला वाटायचं, हे संगीत समुद्रकाठी जन्मलेल्या माणसाशिवाय कुणाला सुचणारच नाही. प्रत्यक्षात ते आर्मेनियन संगीतकार खाचातुरियनच्या 'स्पार्टाकस' या बॅलेतलं. १९५६ साली रंगमंचावर आलेला बॅले, रोममधल्या गुलामांची गोष्ट. बंडखोर स्पार्टाकस आणि त्याची बायको यांच्या भेटीचा तो तुकडा, त्यात पाण्याचा थेंब नाही. हे कळलं तेव्हा माझी थोडी फसगत झाल्यासारखं वाटलं. आता वाटतं, ज्यानं कुणी ते निवडलं त्याला मालिका कशाबद्दल आहे हे आमच्यापेक्षा आधी कळलं होतं.

बाईंची एक तक्रार दर रविवारी ठरलेली. धक्का दिसला की म्हणायच्या, हे आमचं लिव्हरपूल नव्हे. मी विचारायची, कशावरून? तर म्हणे, पाणी बघ. मर्सी नदीचं पाणी चिखलाचं असतं, असं स्वच्छ नसतं. आता काळ्या-पांढऱ्या पडद्यावर राखाडी पाण्यात स्वच्छ काय आणि गढूळ काय! मी मनात हसायची. पण बाई बरोबर होत्या. ते चित्रण होतं दक्षिणेला डेव्हनमधल्या डार्टमथचं, बेयर्ड्स कोव्ह नावाच्या जुन्या धक्क्यावरचं. काही एक्सेटरच्या धक्क्यावरचं. मालिकेचा लेखक सिरिल अब्राहम मात्र लिव्हरपूलचाच, तरुणपणी व्यापारी जहाजांवर काम केलेला. ओनीडिन हे आडनाव त्यानं ऑन्डीन या जलपरीच्या नावातली अक्षरं इकडची तिकडे करून बनवलं, अशी गोष्ट आहे. आणि खऱ्या लिव्हरपूलमध्ये तेव्हा चित्रण करायला जुनं होतं तरी काय? आम्ही दोघी ते बघत होतो त्याच वर्षी, १९७२मध्ये, तिथला अल्बर्ट डॉक बंद झाला. बाईंनी पेपरात वाचलं, घडी घातली आणि तो पेपर शेगडीजवळच्या रद्दीत न टाकता वेगळा ठेवला.

ह्यांचं मालिकेशी नातं वेगळंच होतं. हे इंजिनाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला. रविवारी खाली येऊन बसणं यांना संकोचाचं वाटायचं, म्हणून काहीतरी निमित्त काढून दारात उभे राहायचे. हातात घडी घातलेला पेपर, 'मी बघत नाहीये' असा चेहरा. ओनीडिनची बहीण एलिझाबेथ हिचा नवरा अल्बर्ट फ्रेझर वाफेच्या जहाजांबद्दल बोलायला लागला की पेपर खाली यायचा. जेम्स शिडांवर अडून बसला की हे हळूच मराठीत म्हणायचे, "इंजिन बसव म्हणावं. उशीर होणार." बाईंना मराठी कळत नव्हतं पण सूर कळायचा. त्या ह्यांच्याकडे न बघता म्हणायच्या, वारा फुकट असतो. मग हे मला जिना चढताना समजावून सांगायचे: १८६९च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडला, आणि चीनहून चहा आणणाऱ्या शिडाच्या वेगवान जहाजांचं दिवाळं तिथंच वाजलं, कारण कालव्यातून आणि पुढं तांबड्या समुद्रातून शिडांनी जाणं जमत नव्हतं, वाफेच्या जहाजांना अख्ख्या आफ्रिकेचा वळसा वाचला. आणि गंमत म्हणजे 'कटी सार्क' हे सगळ्यात नावाजलेलं चहाचं जहाज पाण्यात उतरलं ते त्याच महिन्यात, कालवा उघडल्यावर पाचच दिवसांनी. हे सगळं सांगताना ह्यांचे हात हलायचे. एरवी घरात हे इतकं बोलत नसत. मला सुएझमध्ये काडीचा रस नव्हता. पण मी जिन्यावर मुद्दाम हळू चढायची.

हिवाळा आला तोवर मला सातवा लागला होता. त्या सीझनच्या शेवटी अ‍ॅन बाळंतपणात जाते. अ‍ॅन स्टॅलिब्रास या नटीला मालिका सोडायची होती, म्हणून लेखकानं तिला मारलं, हे सगळं आता वाचायला मिळतं. तेव्हा आम्हाला काय माहीत? मी पोटावर हात ठेवून बघत बसलेले. प्रसंग कुठं चाललाय हे बाईंच्या माझ्या आधी लक्षात आलं. त्या उठल्या, टीव्हीचं बटण बंद केलं आणि काळ्या पडद्यासमोर पाठ करून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, या टीव्हीवाल्यांना काही कळत नाही, मला दोन झालीत. पुढं पोर वाचलं की गेलं हेही मला त्या रात्री कळलं नाही. (वाचलं. मुलगी. तिचं नाव त्यांनी शार्लट ठेवलं, बोटीचं.) ह्यांनी दारातून सगळं पाहिलं होतं. वर आल्यावर काही बोलले नाहीत. आमच्या खोलीतल्या शेगडीला नाण्यांचा मीटर होता आणि ह्यांचा नियम होता, रात्री एकच नाणं. ते संपलं की पांघरूण. वहीत हिशोब असायचा. त्या रात्री मला मधेच जाग आली तर शेगडी लाल होती, आणि अंधारात मीटरपाशी उकिडवे बसून हे दहा पेन्सचं नाणं आवाज होऊ न देता आत सरकवायचा प्रयत्न करत होते. ते मीटर असं होतं की नाणं खाली पडताना खणकन वाजायचंच. वाजलं. मी डोळे मिटून घेतले.

पुढची वर्षं मालिका चालू राहिली, मी मधूनमधून बघितली. जेम्सनं दुसरं लग्न केलं, मग तिसरंही. कल्ले तसेच राहिले. पण अ‍ॅन गेल्यावर माझा जीव त्यात राहिला नव्हता; नवी बायको पडद्यावर आली की मी सासरची माणसं बघतात तशी बघायची. आम्ही घर बदललं. बाईंना नाताळाला कार्ड जायचं, मग एका वर्षी त्यांच्या मुलाचं उत्तर आलं. शार्लट ऱ्होड्सची भूमिका करणारी ती खरी बोट, १९०४ साली डेन्मार्कमध्ये बांधलेली, १९७९मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या बंदरात जळाली. कुणीतरी आग लावली. मालिका संपायला अजून एक वर्ष होतं. ज्या बोटीपायी हे सगळं रामायण घडलं, ती गोष्ट संपायच्या आधीच राख झाली. आम्ही पुढं एकदा डार्टमथला गेलो. बेयर्ड्स कोव्ह फार छोटा निघाला, दगडी फरशीचा धक्का, टोकाला जुना बुटका किल्ला. १६२०मध्ये अमेरिकेला निघालेलं 'मेफ्लॉवर' सोबतच्या 'स्पीडवेल' जहाजाच्या दुरुस्तीसाठी इथं थांबलं होतं, अशी माहिती. पोरं आइस्क्रीम मागत होती. मी धक्क्याच्या कडेला उभी राहून पाण्यात पाहिलं. हिरवट, स्वच्छ. तळाचे दगड दिसत होते.

तर वीट.

सगळे भाग संपवून मी त्या रात्री तशीच खुर्चीत बसले होते आणि मनात तो सीन पुन्हा लावून पाहत होते. केबिन, चूल, वीट, मफलर. मफलर निळा. गडद निळा, कडेला एका ठिकाणी उसवून पुन्हा विणलेला. आणि मग माझ्या लक्षात आलं की आमचा टीव्ही काळा-पांढरा होता.

त्यापाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली, जी मला इतक्या वर्षांत एकदाही सुचली नव्हती. पहिला सीझन सुरू झाला १९७१च्या ऑक्टोबरात. मी आले फेब्रुवारीत. तो मी पाहिलेलाच नाही. तो मला बाईंनी सांगितला होता. दुसरा सुरू व्हायच्या आधी आठवडाभर, मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना, वाटाणे सोलताना, आधीची गोष्ट ठाऊक असल्याशिवाय तुला काय कळणार म्हणून. त्यांचं लिव्हरपुली इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं मी हातवाऱ्यांवरून जुळवायची. विटेचं सांगताना त्यांनी ओले हात एप्रनला पुसून दोन्ही हातांत वीट धरल्यासारखं करून दाखवलं होतं, आणि ती पायांशी ठेवायला खाली वाकल्याही होत्या. त्यांचा गुडघा कुरकुरला, हसल्या. आणि त्याच हिवाळ्यात, अ‍ॅन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यांनी खरीच वीट ओव्हनमध्ये तापवून मला वर आणून दिली होती. एका निळ्या मफलरमध्ये गुंडाळून. कडेला विणून सांधलेला. मी दुसऱ्या दिवशी तो धुऊन द्यायला निघाले तर माझ्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला, धुवायचा नाही म्हणाल्या. मला वाईट वाटलं होतं. वाटलं, मी काहीतरी चुकीचं केलं.

म्हणजे पन्नास वर्षं मी जेम्स ओनीडिनच्या नावावर जो प्रसंग खपवत आले तो कुणाचा होता? बाईंनी गोष्ट सांगता सांगता मधेच आपली घातली, की मीच नंतर दोन्ही एकत्र शिवल्या? कदाचित त्यांनाही तो सीन टीव्हीवर पाहिल्यासारखाच वाटत असेल. विचारायला आता कुणी नाही. आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं असं नाही. नवऱ्याबद्दल त्या एकच वाक्य बोलायच्या, की त्याला थंडी फार वाजायची.

रविवारी नातीचा फोन आला. सीन सापडला का? मी म्हटलं, नाही, तो त्यात नाहीच. मग तिला दुसरी गोष्ट सांगितली: पडद्यावर अ‍ॅनला बोटीसाठी करून घेणारा पीटर गिलमोर आणि अ‍ॅनची भूमिका करणारी स्टॅलिब्रास, या दोघांनी मालिका संपल्यावर सात वर्षांनी, १९८७मध्ये, खरोखर लग्न केलं. तो २०१३मध्ये गेला, ती २०२१मध्ये. नात केवढ्यानं ओरडली! म्हणाली, बघ, म्हणजे होतं ना काहीतरी! मी हो म्हटलं. तिला तिचं उत्तर मिळालं होतं, आता मी कशाला मोडता घालू. विटेचं मी तिला सांगितलं नाही. सांगेन कधीतरी, ती थंडीत येईल तेव्हा.

फोन ठेवून मी पुन्हा पहिला भाग लावला. शीर्षकसंगीत चालू असताना मागे सपाता वाजल्या. आता ह्यांचं वय ब्याऐंशी, गुडघे दोन्ही बदललेले, उभं राहणं डॉक्टरांनी कमी करायला सांगितलंय. मी शेजारच्या खुर्चीवरची उशी उचलली. हे बसले नाहीत. दाराच्या चौकटीला खांदा टेकून, हातात घडी घातलेला पेपर घेऊन उभे राहिले. पडद्यावर जेम्स वेबस्टरच्या दारात पोचला होता.

"अजून इंजिन नाही ना बसवलं?"

"नाही."

"मग उशीर होणार," म्हणाले, आणि पेपर उघडला नाही.